मेंदू आणि अंडाशय यांच्यातला दुवा शोधणारे जेफ्री हॅरिस

परीक्षा तोंडावर आली की पाळी पुढे जाते. घरात एखादा मृत्यू झाला, नोकरी गेली, वजन झपाट्याने उतरले, तर कधी कधी दोन-तीन महिने पाळीच येत नाही. हे बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण डोक्यातली काळजी ओटीपोटातल्या बदामाएवढ्या अंडाशयापर्यंत पोहोचते तरी कशी? मेंदूपासून अंडाशयापर्यंत एखादी नस जाते आणि तीच स्त्रीबीज सोडण्याचा हुकूम देते, असे आहे का? या प्रश्नाचे उत्तर आज वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आकृतीसह छापलेले असते. ते तिथपर्यंत आले ते मुख्यतः एका इंग्रज शास्त्रज्ञाच्या चिकाटीमुळे. त्यांचे नाव जेफ्री विंगफील्ड हॅरिस.

हॅरिस यांचा जन्म ४ जून १९१३ रोजी लंडनच्या अ‍ॅक्टन भागात झाला. शालेय शिक्षण डलिच कॉलेजात झाले आणि पुढे ते केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाले. त्या काळी केंब्रिजमध्ये फ्रान्सिस मार्शल हे प्रजननशास्त्रातले मोठे नाव होते. प्राण्यांच्या प्रजननावरचा त्यांचा ग्रंथ १९१० मध्ये आला होता आणि दिवसाची लांबी, ऋतू, अन्न, जोडीदाराची उपस्थिती या बाहेरच्या गोष्टी प्राण्यांच्या माजावर कसा परिणाम करतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. डोळ्यांनी पाहिलेला उजेड आणि अंगाला झालेला स्पर्श अंडाशयावर परिणाम करत असेल, तर मध्ये मेंदू असलाच पाहिजे, हे मार्शल यांचे म्हणणे तरुण हॅरिस यांच्या मनात पक्के बसले.

या अभ्यासासाठी ससा हा उत्तम प्राणी होता. स्त्रीमध्ये साधारण महिन्यातून एकदा आपसूक स्त्रीबीज बाहेर पडते. त्याला अंडमोचन म्हणतात. सशिणीचे तसे नसते. तिच्या अंडाशयात बीजे तयार असतात, पण नराशी समागम झाल्याशिवाय ती सहसा सुटत नाहीत. समागमानंतर सुमारे १० तासांनी अंडमोचन होते, हे वॉल्टर हीप यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले होते. मांजरीतही असाच प्रकार असतो. म्हणजे या प्राण्यांत स्पर्शाची संवेदना हीच अंडमोचनाची कळ असते. संवेदना नसांमधून जाते, तेव्हा नसांचा या कामात हात आहे हे उघड होते. प्रश्न एवढाच होता की तो हात नेमका कुठे लागतो.

सर्वांत सोपे उत्तर असे वाटेल की, नस थेट अंडाशयात जाते आणि बीज सोडवते. पण ते टिकत नव्हते. समागमानंतर लगेच, तासाभराच्या आत सशिणीची पीयूषिका ग्रंथी काढून टाकली तर अंडमोचन होत नाही. त्यानंतर काढली तर मात्र होते. फी आणि पार्क्स या दोघांनी हे १९२९ मध्ये दाखवले होते. पीयूषिका म्हणजे पिट्युटरी. मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातल्या एका खळगीत बसलेली ही वाटाण्याएवढी ग्रंथी. समागमानंतरच्या पहिल्या तासात ती आपले संप्रेरक रक्तात सोडते, आणि पुढचे काम ते संप्रेरक करते. निरोप अंडाशयाकडे जातो तो रक्तातून. मग नसांचा निरोप घेणारी जागा अंडाशय नसून पीयूषिका असली पाहिजे.

१९३६ मध्ये मार्शल आणि व्हर्नी यांनी सशिणीच्या मज्जासंस्थेतून विजेचा प्रवाह सोडून, नराशिवायच अंडमोचन घडवून आणले. पण तो प्रवाह मोठ्या भागातून जात होता. नेमके काम कोणत्या जागी झाले ते कळत नव्हते. हॅरिस तेव्हा विशीत होते, अजून डॉक्टरही झाले नव्हते. त्यांनी भूल दिलेल्या सशिणींच्या मेंदूत बारीक विद्युतअग्र अचूक जागी उतरवले आणि मेंदूच्या तळाचा हायपोथॅलॅमस व त्याला लागून असलेला पीयूषिकेचा भाग उत्तेजित केला. सशिणींत अंडमोचन झाले. हे संशोधन १९३७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या निबंधाने एका विद्याशाखेची पायाभरणी झाली. मेंदू आणि संप्रेरके यांच्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्या त्या शाखेला आज न्यूरोएंडोक्रायनॉलॉजी म्हणतात.

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातून वैद्यकीय पदवी घेऊन हॅरिस पुन्हा केंब्रिजला शिकवायला आले. आता त्यांच्यासमोर जी अडचण उभी होती ती त्या क्षेत्रातल्या सगळ्यांसमोर होती. पीयूषिकेचे दोन भाग असतात. मागच्या भागात मेंदूतून आलेल्या नसा भरपूर असतात. पण अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके तयार होतात पुढच्या भागात, आणि तिथे नसा जवळपास नाहीतच. सूक्ष्मदर्शकाखाली कितीही शोधले तरी त्या भागाचा कारभार चालवतील इतक्या नसा सापडत नव्हत्या. जिथे तार पोहोचतच नाही, तिथे मेंदूची आज्ञा पोहोचते कशी?

अमेरिकेतल्या संशोधकांनी १९४६ मध्ये दाखवले की, पीयूषिकेलाच विजेचा झटका दिला तर काही होत नाही. हायपोथॅलॅमसला दिला तर अंडमोचन होते. हॅरिस यांनी ही गोष्ट अधिक कसून तपासली. भूल दिलेल्या प्राण्यावरचा प्रयोग म्हणजे अर्धवट उत्तर, असे त्यांना वाटत होते, कारण भुलीचे औषध मेंदूवरच काम करते. म्हणून त्यांनी सशिणीच्या टाळूच्या कातडीखाली एक लहानशी तारेची गुंडाळी बसवली आणि तिला जोडलेले विद्युतअग्र मेंदूत ठेवले. बाहेरच्या मोठ्या गुंडाळीतून प्रवाह सोडला की आतल्या गुंडाळीत वीज निर्माण होई. जखम भरून आलेली, जागी, पिंजऱ्यात हिंडणारी सशीण तिला न धरता-बांधता उत्तेजित करता येई. निष्कर्ष तोच आला. १९४८ मध्ये त्यांनी तो मांडला: हायपोथॅलॅमस उत्तेजित केला तर अंडमोचन, पीयूषिका ग्रंथी स्वतः उत्तेजित केली तर काहीही नाही. याचा अर्थ ग्रंथीपर्यंत पोहोचणारी वस्तू वीज नव्हे, दुसरेच काहीतरी होते.

ते दुसरे काय, याचा धागा रक्तवाहिन्यांत होता. रोमानियाचे शरीररचनातज्ज्ञ ग्रिगोरे पोपा आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ ऊना फील्डिंग यांनी १९३० मध्ये हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका यांना जोडणाऱ्या देठाभोवती रक्तवाहिन्यांचे एक विशेष जाळे वर्णिले होते. त्यात एका टोकाला केशवाहिन्यांचा झुबका, मध्ये सरळ उतरणाऱ्या वाहिन्या आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा केशवाहिन्यांचा झुबका होता. पण त्यांच्या मते रक्त खालून वर, म्हणजे ग्रंथीकडून मेंदूकडे वाहत होते. शेतातला पाट पाहिला तर पाणी कोणत्या बाजूला वाहते यावर कोणाचे शेत भिजते ते ठरते. तसेच इथेही होते. रक्त वर जात असेल तर मेंदूचा निरोप त्यातून खाली येणे शक्य नव्हते. काही संशोधकांनी दिशा उलटी आहे असे सांगितले होते, तरी वाद मिटला नव्हता.

हॅरिस आणि जॉन ग्रीन यांनी १९४७ मध्ये अनेक प्राण्यांत या वाहिन्यांची रचना तपासली. १९४९ मध्ये त्यांनी जिवंत पांढऱ्या उंदराच्या मेंदूचा तळ उघडून सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष रक्त वाहताना पाहिले. ते वरून खाली, मेंदूकडून ग्रंथीकडे वाहत होते. आता चित्र जुळू लागले. हायपोथॅलॅमसमधल्या चेतापेशींची टोके वरच्या केशवाहिन्यांशी येऊन थांबतात. तिथे त्या पेशी एक रासायनिक द्रव्य रक्तात सोडतात. ते द्रव्य काही मिलिमीटरच्या या छोट्या पाटातून खालच्या ग्रंथीत उतरते आणि ग्रंथीला संप्रेरके सोडायला लावते. पूर्ण शरीराच्या रक्तात मिसळून जाण्याआधीच ते आपल्या ठिकाणी पोहोचते, म्हणून त्याचे अगदी अल्प प्रमाणही पुरते. म्हणजे चेतापेशी इथे वीज आणि रसायन दोन्हींचे काम करते. नसही तीच आणि ग्रंथीही तीच.

कल्पना सुंदर होती, पण ती सिद्ध करायची तर देठ कापून पाहणे भाग होते. काही संशोधकांनी देठ कापूनही प्राण्यांची माजाची चक्रे सुरू राहिल्याचे पाहिले होते; काहींना ती बंद पडलेली दिसली होती. हॅरिस यांनी या गोंधळाचे कारण शोधले. कापलेल्या वाहिन्या काही दिवसांत पुन्हा वाढून जोडल्या जातात. त्यांनी काही उंदरांत कापलेल्या देठाच्या मधोमध एक पातळ आडोसा ठेवला, जेणेकरून वाहिन्या पुन्हा जुळणार नाहीत. जिथे वाहिन्या पुन्हा वाढल्या तिथे चक्र परत आले. जिथे आडोशाने वाट अडवली तिथे आले नाही.

यानंतरचा प्रयोग त्यांनी डोरा जेकबसन यांच्याबरोबर केला. जेकबसन या जर्मनीत जन्मलेल्या ज्यू शास्त्रज्ञ, नाझी राजवटीमुळे देश सोडून स्वीडनच्या लुंड विद्यापीठात आलेल्या. दोघांनी मादी उंदरांची पीयूषिका काढून टाकली आणि तिच्या जागी दुसऱ्या उंदराच्या पीयूषिकेच्या ऊतीचे रोपण केले. काही माद्यांत ते हायपोथॅलॅमसच्या अगदी खाली, त्या वाहिन्यांच्या टोकाशी केले. काहींत जवळच पण मेंदूच्या दुसऱ्या, कानशिलाकडच्या भागाखाली. दोन्ही ठिकाणी ग्रंथीला रक्तपुरवठा चांगला मिळाला. पण पहिल्या गटातल्या माद्यांत माजाचे चक्र परत आले, काहींना दिवस गेले आणि त्या व्यायल्या. दुसऱ्या गटात ग्रंथी जिवंत राहूनही निष्क्रिय राहिली. नुसते रक्त पुरेसे नव्हते. हायपोथॅलॅमसहून येणारे रक्तच हवे होते. याहून नवलाची गोष्ट म्हणजे नर उंदराची पीयूषिका मादीत बसवली तरी मादीचे चक्र चालू झाले. म्हणजे मादी उंदराचे चक्र ग्रंथी नराची की मादीची यावर ठरत नाही, ते मेंदूवर अवलंबून असते. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांनी अनेकांची शंका फिटली.

सगळ्यांची मात्र नाही. बर्मिंगहॅमचे शरीररचनेचे प्राध्यापक सॉली झुकरमन हे ब्रिटनमधले वजनदार नाव होते. पुढे ते सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागारही झाले. त्यांना हॅरिस यांचा सिद्धांत मान्य नव्हता. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने फेरेटवर प्रयोग केले. फेरेट हा मुंगसासारख्या लांबट अंगाचा प्राणी. हिवाळ्यात त्याला कृत्रिम उजेड जास्त दिला तर मादी वेळेआधीच माजावर येते. झुकरमन यांचे म्हणणे असे की, देठ कापून वाहिन्या तुटल्या तरी फेरेट उजेडाला प्रतिसाद देते. तेव्हा वाहिन्यांचा सिद्धांत खोटा. एका जरी प्राण्यात हे खरे ठरले असते, तरी हॅरिस यांचे वीस वर्षांचे काम कोसळले असते.

हॅरिस यांनी वाद घातला, पण मुख्यतः प्रयोगाने. बर्नार्ड डोनोव्हन यांच्याबरोबर त्यांनी फेरेटमध्येच देठ कापला, मध्ये आडोसा ठेवला आणि नंतर प्रत्येक प्राण्याच्या वाहिन्या बारकाईने तपासल्या. १९५४ मध्ये त्यांनी सांगितले की, उजेडाला प्रतिसाद देणाऱ्या फेरेटमध्ये वाहिन्या पुन्हा जुळलेल्या होत्या. ज्यांच्यात त्या जुळल्या नाहीत, त्यांच्यात प्रतिसाद नव्हता. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, पीयूषिकेवरील चेतानियंत्रण हा त्यांचा ग्रंथ आला. त्या क्षेत्रातल्या एका पिढीने तो उशाशी ठेवून अभ्यास केला.

या काळात हॅरिस लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयाशी संलग्न मानसोपचार संस्थेत प्राध्यापक होते. १९५३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मनोविकारांच्या संस्थेत एक संप्रेरकतज्ज्ञ काय करतो, असे कुणाला वाटले असेल. पण मन आणि अंडाशय यांच्यातली वाट शोधणाऱ्याला यापेक्षा योग्य जागा नव्हती. १९६२ मध्ये ते ऑक्सफर्डला शरीररचनेचे प्राध्यापक झाले.

आता उरले होते ते एकच. सिद्धांत खरा असेल तर ते रासायनिक द्रव्य सापडायला हवे. १९६० च्या सुमारास अमेरिकेत मॅककॅन यांच्या गटाने आणि इंग्लंडमध्ये हॅरिस यांच्या सहकाऱ्यांनी हायपोथॅलॅमसच्या अर्कात ते असल्याचे दाखवले. हॅरिस यांच्या प्रयोगशाळेत तो अर्क सशिणीच्या पीयूषिकेत थेंबाथेंबाने सोडला, तेव्हा अंडमोचन झाले. पण अर्क म्हणजे शुद्ध द्रव्य नव्हे. मेंदूत त्याचे प्रमाण इतके अल्प की, शुद्ध स्वरूपात काढायला कत्तलखान्यांतून लाखो प्राण्यांचे मेंदू गोळा करावे लागले. ही शर्यत मुख्यतः दोन गटांत चालली. एक रॉजर गिलमँ यांचा, मेंढ्यांच्या मेंदूवर. दुसरा अँड्र्यू शॅली यांचा, डुकरांच्या मेंदूवर. हॅरिस यांचा ऑक्सफर्डचा गटही त्याच मागे होता, पण त्यांच्याकडे तेवढी साधने नव्हती.

१९७१ मध्ये शॅली यांच्या गटाने त्या द्रव्याची रचना जाहीर केली. ते फक्त १० अमिनो आम्लांची साखळी होते. आज त्याला जीएनआरएच म्हणतात. हॅरिस यांनी १९३६ मध्ये सशिणीच्या मेंदूत ज्याची चाहूल घेतली होती ते हेच. ते जगाला दिसले तेव्हा हॅरिस हयात होते. पण त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला, वयाच्या ५८ व्या वर्षी, ते गेले. सहा वर्षांनी, १९७७ मध्ये, गिलमँ आणि शॅली यांना नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांच्यासोबत रोझलिन यालो यांनाही, संप्रेरकांचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजण्याच्या पद्धतीसाठी. नोबेल मरणोत्तर दिले जात नाही.

हॅरिस गेल्यानंतर त्यांच्या वाटेने बरेच काही उलगडले. मेंदूतल्या ज्या चेतापेशी हे द्रव्य बनवतात त्या संख्येने फार थोड्या असतात, आणि गर्भावस्थेत त्या नाकाच्या भागात जन्म घेऊन मेंदूत चालत येतात. ही वाटचाल अडली तर मुलाला वास येत नाही आणि वयात येण्याची प्रक्रियाही सुरू होत नाही. या विकाराला कालमान सिंड्रोम म्हणतात. मुलगा किंवा मुलगी वेळेवर वयात येत नसेल तर डॉक्टर वासाबद्दल का विचारतात, त्याचे कारण हे आहे.

१९७८ मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांवर आणखी एक गोष्ट दाखवली. हे द्रव्य साधारण तासाला एकदा, ठोक्याठोक्याने मिळाले तर पीयूषिका काम करते. सतत मिळत राहिले तर ती थंड पडते. या एका निरीक्षणावर आजची कितीतरी औषधे उभी आहेत. पीयूषिका मुद्दाम थंड करण्यासाठी याच द्रव्याची टिकाऊ रूपे टोचली जातात: फार लवकर वयात येणाऱ्या मुलींमध्ये, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पुरुषांच्या प्रोस्टेट कर्करोगात, आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बीजे वेळेआधी सुटू नयेत म्हणून. ज्या स्त्रियांमध्ये हे द्रव्य तयार होत नाही, त्यांना पंपाने ठोक्याठोक्याने देऊन अंडमोचन घडवता येते.

अंडाशयाच्या स्वतःच्या नसांचे काय? त्या आहेत. रक्तवाहिन्यांबरोबर आणि अंडाशय धरून ठेवणाऱ्या बंधातून त्या आत शिरतात, रक्तपुरवठा आणि पेशींच्या कामात थोडीफार ढवळाढवळ करतात, आणि त्यांचा अभ्यास आजही सुरू आहे. पण त्या हुकूम देणाऱ्या नाहीत. कर्करोगाच्या उपचाराआधी गोठवून ठेवलेली अंडाशयाची ऊती नंतर पुन्हा बसवून २००४ मध्ये एका स्त्रीला मूल झाले. काढताना तुटलेल्या नसा असतानाही ऊतीने आपले काम केले, कारण रक्तातून येणारा निरोप तिला मिळत होता.

परीक्षेच्या दिवसांत पाळी का चुकते, याचे उत्तरही यातच आहे. तीव्र ताण, उपासमार, अति व्यायाम यांची खबर हायपोथॅलॅमसला लागली की त्या मोजक्या चेतापेशींचे ठोके मंदावतात. पीयूषिकेचे संप्रेरक कमी पडते, अंडाशयात बीज पिकत नाही, पाळी येत नाही. यात मनाचा कमकुवतपणा नाही आणि बाईचे नाटकही नाही. मूल वाढवण्याइतकी शिबंदी शरीरात नाही असे मेंदूने ठरवलेले असते. मात्र हे दुर्लक्ष करण्यासारखेही नाही. अंडाशयातले इस्ट्रोजेन दीर्घकाळ कमी राहिले तर हाडे ठिसूळ होतात. म्हणून पाळी तीन महिने आली नाही तर टेन्शन असेल म्हणून सोडून देऊ नये. आधी गर्भधारणेची तपासणी करावी, मग डॉक्टर थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि इतर संप्रेरके तपासतात. कारण ताणाचे निघाले तर पुरेसे खाणे, व्यायाम आवरणे, झोप आणि गरज असल्यास समुपदेशन यांनी अनेकींचे चक्र परत रुळावर येते. आपले चक्र डोक्यापासून चालते, हे समजून घेणे ही त्या उपचाराची पहिली पायरी आहे.